उन्हाळीवरचा काढा

वैद्यकीच्या धंद्यात मी रत्नागिरीत पुष्कळ वर्षे काढली, पण "मला उन्हाळी लागली आहे" असे स्वतःच्या तोंडाने सांगणारा रोगी क्वचितच भेटला. पुरुष यायचे ते एखाद्या मित्रासाठी औषध न्यायला. मित्राचे नाव विचारले की त्यांना घाम फुटायचा. बायका तर येतच नसत. त्यांचा भाऊ किंवा सासू यायची. तीही आधी पावसाची, भाताची, गुरांची बोलणी करायची आणि उठता उठता उंबऱ्याशी थांबून म्हणायची, "आणि तेवढं ते थंडाईचं औषध द्या." थंडाईचे म्हणजे कशाचे, हे मी ओळखायचो. नाडीपरीक्षेचा एवढा बोलबाला आहे, पण त्यातला अर्धा भाग उंबऱ्याशी थांबलेल्या माणसाकडे नीट पाहण्याचा असतो, असे माझे मत आहे. हे मत मी वैद्यांच्या संमेलनात कधी मांडले नाही.

ज्यांना हे दुखणे माहीत नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. लघवीला पुन्हा पुन्हा लागते, होते ती थेंबथेंब, आणि त्या प्रत्येक थेंबाला जळजळ. ओटीपोट दुखते. आमच्या ग्रंथांत याला मूत्रकृच्छ्र म्हणतात, डॉक्टर मूत्राशयातल्या जंतूंचा विकार म्हणतात आणि आमच्याकडची माणसे उन्हाळी म्हणतात. मी तिन्ही नावे मान्य करीत असे. जळायचे ते तिन्ही नावांखाली सारखेच.

आज याच्यावर गोळ्या निघाल्या आहेत. आधी सल्फाच्या आल्या आणि आता ती अँटिबायोटिक म्हणतात ती औषधे. माझ्या नातवाच्या पिढीला वाटते की त्याआधी माणसे नुसती विव्हळत पडत असावीत. तसे नव्हते. मी सांगतो आहे तो काळ विसापासून चाळीस सालापर्यंतचा. त्या वेळी सरकारी दवाखान्यात बाटलीतून खारट मिक्स्चर मिळे. बाटलीवर डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे आणि रोग्याचा त्या पट्टीवर औषधापेक्षा जास्त विश्वास असे. आमच्याकडे होते गोखरू, घेटुळी म्हणजे पुनर्नवा, वायवर्ण्याची साल, वाळा आणि धने. यांची भरड पाण्यात घालून मंद विस्तवावर चौथाई उरेपर्यंत आटवायची, गाळायची आणि कोमट प्यायची. जोडीला तांदळाचे धुवण, जमले तर शहाळे. साध्या उन्हाळीला या काढ्याचा गुण येई. थंडी वाजून ताप भरला, पाठीत बरगडीखाली कळ आली, की दुखणे वर मूत्रपिंडाकडे सरकले असे समजून मी रोगी सरळ दवाखान्यात धाडी. यावरून काही वैद्यबंधू मला धर्मबुडवा म्हणत. त्यांच्या पाट्यांवर पदव्यांची इतकी गर्दी होती की औषध कुठल्या दाराने मिळते हे शोधावे लागे.

माणसाला औषध साधे असलेले आवडत नाही, हे मला एका पेन्शनर मामलेदारांनी शिकवले. त्यांनाही "मित्रासाठी"च हवे होते. मी धने भिजवून त्याचे पाणी प्यायला सांगितले.

"धने?" ते म्हणाले. "धने आमच्या स्वयंपाकघरात आहेत."

"मग बरंच झालं. फार लांब जायला नको."

"मोत्याचं भस्म नाही का देत तुम्ही?"

"मित्राला परवडेल का?"

ते रागावून गेले आणि पदव्यांची गर्दी असलेल्या एका पाटीखाली शिरले. तिथे त्यांना मोत्याचे भस्म मिळाले. ते कशाबरोबर घ्यायचे? तर तांब्याभर धन्याच्या पाण्याबरोबर. मामलेदार बरे झाले आणि मोत्याची कीर्ती झाली. मी हसलो, पण त्यात शिकण्यासारखे काही आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. ते यायला भागी यावी लागली.

भागी ही राजापूरच्या वाटेवर, सड्यावरच्या एका गावातली कुणब्याची सून. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे माळ. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी डोंगराला टक्कल पडले आहे अशी कल्पना करावी. तिचा नवरा मुंबईत गिरणीत होता. पहिल्यांदा तिला माझ्याकडे आणले ते बैलगाडीत निजवून, अंगात ताप, दातावर दात वाजत होते. मी ती गाडी उंबऱ्यावरूनच सरकारी दवाखान्याकडे वळवली. तिथल्या डॉक्टरांनी तिला सांभाळले. ताप उतरल्यावर ते म्हणाले, आता तुमचा काढा चालू द्या, माझ्या मिक्स्चरने तिला ओकाऱ्या होतात. ती मग काही दिवस रत्नागिरीतच मावशीकडे राहिली, काढा घेत होती, आणि ठणठणीत होऊन घरी गेली.

महिन्याभरात तिची सासू सगुणाबाय माझ्या ओटीवर हजर. "परत तेच," ती म्हणाली. मी काढा दिला. गुण नाही. सुनेला पुन्हा मावशीकडे ठेवले. पुन्हा बरी. घरी गेली, पुन्हा आजारी. दिवाळीनंतर तर फारच वाढले.

डॉक्टरांचा आणि माझा संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर फिरायला जायचा परिपाठ होता. ते इंग्रजी औषधांचे आणि मी झाडपाल्याचा, त्यामुळे भांडायला विषय कमी पडत नसे. भागीच्या बाबतीत मात्र आम्ही दोघेही सारखेच हरलो होतो.

"वैद्यबुवा," ते म्हणाले, "तुमचा काढा आणि माझं मिक्स्चर, दोन्ही रत्नागिरीच्या हद्दीतच चालतात. राजापूरच्या रस्त्याला लागलं की बंद पडतात."

"गावचं पाणी वाईट असेल."

"तुम्ही प्यालात कधी?"

मी प्यालो होतो. सड्याखालच्या झऱ्याचे पाणी होते, आमच्या आळीतल्या विहिरीपेक्षा शंभरपटीने चांगले.

पुढच्या खेपेस सगुणाबाय आली ती औषध मागायला नव्हे, निकाल सांगायला. ओटीच्या कडेला बसून तिने पान जुळवले.

"आता नको औषद," ती म्हणाली. "नाटका हायत तिची. शहरात मावशीकडं काम नाय, म्हनून बरी व्हते. घरात जात्यावर दळायला बसवली का हिच्या पोटात दुखता."

"ताप काय नाटकाने येतो?"

"ता मना काय ठाव? शिमग्याला पोर येल मुंबैसून. त्येला सांगनार, हिला माहेरी ठेव. दुसरी बगून ठेवलीय मी. दांडगी हाय."

"आणि तिलाही उन्हाळी लागली तर?"

"तिला कशाला लागंल?" सगुणाबाय म्हणाली. मुलीच्या दांडगेपणावर तिचा पूर्ण विश्वास होता.

शिमग्याला कोकणातला चाकरमानी घरी येतो आणि वर्षभर तुंबलेले घरचे सगळे निवाडे पालखीच्या त्या चार दिवसांत उरकतात. भागीचे वय विशीच्या आतबाहेर. माहेरी परत पाठवलेल्या आजारी मुलीचे पुढे काय होते, हे मला ठाऊक होते. तिच्याजवळ शिमग्यापर्यंतचा वेळ होता, आणि माझ्याजवळ तोच काढा, जो तिच्या घरी चालत नव्हता.

माघात मला वायवर्ण्याची साल आणायला त्या बाजूला जायचे होतेच. सर्व्हिसच्या मोटारीने निम्मी वाट, बाकीची पायी. पावसाळ्यात त्या सड्यावर कमरेइतके गवत असते. माघात ते कापून, जाळून मोकळे झालेले असते आणि माणूस एका गावात शिंकला तर दुसऱ्या गावाला दिसतो. चालता चालता मला एवढेच सुचले की सावली नाही. वैद्याला सुचायला हवे ते सुचले नाही.

घरी सगुणाबाय आणि तिचा नवरा होता. भागी मागच्या पडवीत भात पाखडत होती, तोंड उतरलेले, ओठ सुकलेले. मी विचारले, काढा घेतेस ना?

उत्तर सासूने दिले. "घेते म्हंजे? रोज माज्या समोर उकळते."

ती उकळत होती हे खरेच. परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू माजले होते आणि त्याच्या मुळाशी माझ्या काढ्याच्या चोथ्याचा ढीग होता. पण चोथा काही दुपारपर्यंत ओला राहत नाही. मी वाकून पाहिले. माती चांगली भिजलेली होती, तपकिरी, आणि तिला वाळ्याचा वास येत होता.

"भागी," मी म्हटले, "काढा तू पितेस की अळू?"

सुपाचा आवाज थांबला. सगुणाबाय उठून उभी राहिली. "बगा. सांगितलंय का नाय मी? नाटका."

"तिला बोलू दे जरा."

भागीने पदर पुढे ओढला आणि सुपाकडे बघत म्हणाली, "काडा घेतला का धावायला लागता. धावू कुटं?"

मी तिथे पायरीवरच बसलो. आमच्या शास्त्रात या औषधांना मूत्रल म्हणतात. ती लघवी वाढवतात, मूत्राशय धुऊन काढतात, आणि त्यातच त्यांचा सारा गुण. भागीने तो अनुभव पहिल्याच दिवशी घेतला होता. औषध लागू पडत होते, म्हणूनच ती ते ओतून टाकत होती.

मग एकेक गोष्ट आपोआप समजत गेली. त्या घरच्या बायका परसाकडे जायच्या त्या पहाटे अंधारात, वहाळाच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, आणि मग दिवे लागल्यावर. मधला सारा दिवस नाही. समोर रस्ता, बाजूला खळे, खळ्यात पुरुषमाणसे. पावसाळ्यात गवताचा तरी आडोसा असे. दिवाळीनंतर तोही जाई, आणि तेव्हाच तिचे दुखणे वाढे. सोय नाही म्हणून दिवसा पाणीच प्यायचे नाही, ही त्यावरची युक्ती. मावशीच्या घरी मागल्या दारी शेतखाना, म्हणजे संडास, होता. रत्नागिरीत गुण येत होता तो माझ्या काढ्याइतकाच त्या शेतखान्याचा.

"दिवसाचं पाणी किती पितेस?" मी विचारले.

"बायकांना कशाला लागता पानी?" सगुणाबाय म्हणाली. "आमी नाय काय दिवस काढले? पहाटेची एकदा नि दिवेलागनीची एकदा. अख्खा जलम गेला."

मी तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावले आणि साध्या शब्दांत सांगितले, की घरामागे आडोसा करा, सुनेला दिवसा जाता येईल असा; मग ती पाणी पिईल, औषध पिईल आणि बरी होईल. तो भला माणूस होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली.

"नाय जमायचा, बुवा. सुनेसाठी घर बांदला म्हनून लोक हसतील. खोताकडं पन नाय तसला."

"घर नाही, चार झापांचा आडोसा."

"लोक विचारतील, ह्या कशाला? मी काय सांगू?"

त्याचे खरे होते. सुनेला लघवीला लागते, हे कारण त्याला वाडीत चारचौघांत सांगता येण्यासारखे नव्हते. तेव्हा मला मामलेदार आठवले. मी परत पडवीत गेलो, पाय धुवायला पाणी मागितले, उपरणे नीट केले आणि घोंगडीवर मांडी घालून बसलो. आयुष्यभर ज्या थाटाला हसत आलो तो मला चांगला जमतो, हे मला त्या दिवशी कळले.

"आता हा साधा काढा बंद," मी म्हटले. "आता मोठं औषध द्यायचं. त्याला विधी आहे. पाळणार असाल तरच देतो."

सासू आणि मागोमाग आत आलेला सासरा, दोघेही खाली बसली.

वेग अडवू नये, लघवीचा तर मुळीच अडवू नये, हे आमच्या शास्त्रात खरोखरच सांगितले आहे. पण खरी गोष्ट मराठीत सांगितली की ती सल्ला होते आणि संस्कृतात सांगितली की आज्ञा. मी ती संस्कृतात, सावकाश, हेल काढून सांगितली. मग अर्थ सांगितला. औषध नव्या मडक्यात करायचे. घेतल्यावर वर तांब्याभर पाणी, आणि दिवसातून पुन्हा पुन्हा तांब्याभर. औषध पोटात असताना वेग आला की तत्काळ उठायचे. अडवला तर औषध उलटते. त्यासाठी गोठ्यामागे चार मेढी पुरून झापांचे, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचे, कूड घालायचे, खाली जांभ्याचे सपाट दगड, कडेला राख आणि पाण्याची कळशी, दार पूर्वेला. पूर्व मी वाऱ्याकडे बघून ठरवली. पश्चिमेला त्यांचे स्वयंपाकघर होते.

सासरा आता पूर्णपणे गंभीर झाला होता. "मेढी ऐनाच्या चालतील?"

"ऐनाच्याच पाहिजेत," मी म्हटले, कारण ऐन त्याच्या कुंपणातच होता.

"आनि झाप किती लागतील?" सगुणाबायने विचारले.

"आरपार दिसणार नाही इतके."

भागी सूप हातात धरून उभी होती. ती हसली असे मी म्हणणार नाही, पण सूप पुन्हा वाजू लागले ते जरा जोरात.

भरड तीच होती. फक्त पुडी मी तांबड्या कागदात बांधून दिली.

डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते धक्क्यावर चालता चालता थांबले. मग म्हणाले, "मी तिला बाटली दिली आणि सांगितलं, भरपूर पाणी पी. ती हो म्हणाली."

"मलाही हो म्हणाली होती."

"झाप आमच्या औषधांच्या यादीत नाहीत."

"आमच्याही नाहीत."

त्यानंतर त्यांच्याकडे अशी बाई आली की मिक्स्चर लिहिण्याआधी ते घरामागे काय आहे ते विचारू लागले. मीही विचारू लागलो. उत्तरे ऐकून मला माझ्या आधीच्या वर्षांतल्या काढ्यांची आठवण येई. रत्नागिरीपासून राजापूरपर्यंत कितीतरी अळू माझ्या औषधावर पोसले असतील. त्या बायांची नावे मला ठाऊक नाहीत, कारण औषध न्यायला दुसरेच कोणी आले होते. नव्या गोळ्यांना मी नावे ठेवीत नाही. मरणारी माणसे त्यांनी परत आणलेली मी पाहिली आहेत आणि त्या तेव्हा असत्या तर भागीचा ताप उतरण्याची वाट बघत डॉक्टरांना बसावे लागले नसते. पण ज्या बाईला दिवसभर पाणी पिण्याची चोरी आहे, तिची उन्हाळी गोळीने जाईल आणि गोळ्या संपल्या की परत येईल, एवढे म्हणण्याइतका अनुभव माझ्याजवळ आहे.

शिमगा आला. त्या गावची काहीच खबर नव्हती. मुंबईच्या बोटी बंदरात लागल्या, चाकरमानी उतरले, पालख्या नाचल्या, आणि माझे मन मात्र सड्यावर. औषध लागू पडले की रोग्याचे घर वैद्याला विसरते, ही धंद्याची रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. पण रोगी माहेरी गेला तरीही शांतता तशीच असते.

पाडव्याच्या सुमारास सगुणाबाय आली. नवऱ्याने गाडी दारात सोडली आणि तो बाहेर पायरीवर बिडी ओढत बसला. तिने ओटीवर दोन नारळ आणि आमसुलांची पुडी ठेवली. मी भाताची चौकशी केली, गुरांची केली. मग मला राहवेना.

"मुलगा आला होता?"

"आलेला. गेला पन मुंबैला."

"आणि ती दांडगी?"

"कोन दांडगी?" तिला खरोखरच क्षणभर आठवेना. "ती व्हय. तिचा लगीन झाला तिकडं वरच्या वाडीत." पान जुळवता जुळवता ती म्हणाली, "भागी बरी हाय. पोर बोलला, आवशी, ही जाडी झाली. शिमग्यात फुगड्या घातलान तिनं."

"काढा घेते?"

"काडा संपला कवाच. पानी पिते. म्हशीसारकी पिते." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले, पण ही ती जुनी तक्रार नव्हती.

मी नारळांबद्दल संकोच दाखवला आणि तिने तो मानला नाही. बोलणे संपले. ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. पायरीवर नवऱ्याची पाठ दिसत होती. तिने आवाज खाली आणला.

"बुवा, मनाबी तो तांबड्या कागदातला द्या."

"तुला काय होतंय?"

"काय व्हत नाय."

ती दाराच्या चौकटीवर बोट फिरवत होती.

"ता झापाचा हाय ना, ता भागीच्या औषदाचा," ती म्हणाली. "ती जाते. तिला कोन काय बोलत नाय, औषद चालू हाय तिचा. मी एकदा गेली, तर ह्ये बोलले, तू कशाला, तुला काय रोग हाय? मंग मी परत वहाळापलीकडं जाते. पहाटची. गुडगे दुकतात आता."

मी आत जाऊन भरड मोजली, थोडे धने जास्त घातले, तांबड्या कागदात पुडी बांधली आणि उपरणे नीट करून ओटीवर आलो. तिला समोर बसवले. तिचा हात हातात घेतला आणि नाडी पुष्कळ वेळ बघितली. ती उत्तम चालली होती. मग बाहेर पायरीवर ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "उन्हाळी कधीपासून आहे तुला, सगुणाबाय?"

बिडीचा धूर थांबला. तिने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिले आणि नीट विचार करून उत्तर दिले.

"लगीन झाल्यापासून," ती म्हणाली.